फुलचंदशेठची ढाक्याची पाहणी

मिरचीच्या हंगामात नंदुरबारला येणारा माणूस गावात शिरायच्या आधीच शिंकतो. फुलचंदशेठ मात्र कधी शिंकले नव्हते. गावाबाहेर त्यांची पथारी होती, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. मजूर बाया तिथं नाकतोंड बांधून देठं खुडत आणि शेठ त्या लाल धुरळ्यात बागेत फिरावं तसे फिरत. त्यांच्या खिशातला रुमाल घडी न मोडता म्हातारा झाला होता.

घोर एकच होता. एकुलता एक जिनेश नोकरीसाठी सुरतेला निघाला होता. इथं सगळं तुम्हीच ठरवता, मग मी बसून काय करू, असं त्याचं म्हणणं. त्यावर शेठनी मोठा डाव काढला. मिरची बांगलादेशाला पाठवू, तो धंदा सगळा तू सांभाळ. फक्त तिथं कुठला माल आधी पाठवायचा, ते दोघं जाऊन बघून येऊ.

शेठच्या बायकोनं, लहरीबाईंनी, खाकरे आणि ठेपले इतके बांधून दिले, की विमानतळावरच्या माणसाला निर्यात ह्याचीच आहे असं वाटलं असावं. परमुलखात शेठ बाहेरचा घास घेणार नव्हते. ढाक्याच्या बाजाराची चव त्यांनी तोंड मिटूनच घेतली.

मिरचीचे घाऊक व्यापारी सुक्या मासळीच्या गल्लीत बसतात असं कळलं. गल्लीच्या तोंडाशीच शेठचा रुमाल पहिल्यांदा नाकाला लागला आणि ते मागं फिरले. जिनेश आत गेला, बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन लॉजवर आला.

"पप्पा, इथं मिरची मासळीबरोबर खपते. रंग कुणी विचारत नाही. त्यांना जाळ पाहिजे."

"आधी आंघोळ कर," शेठ म्हणाले.

जिनेश गल्लीत होता तेवढ्या वेळात त्यांनी आपली पाहणी मिठाई-फरसाणाच्या रस्त्यावर उरकली होती. तिथं सगळं स्वच्छ, आणि शेव लालभडक. तेव्हा आधी रंगाची, सौम्य मिरची, तिखट मागाहून बघू. जिनेशनं विमानात सांगून पाहिलं, घरी आईसमोर सांगून पाहिलं. ज्या गल्लीत आपण पाय ठेवणार नाही तिच्या भरवशावर धंदा करायचा नाही, एवढंच उत्तर मिळालं.

माल गेला. रंग असा, की नजर ठरू नये. मग तिकडच्या दलालाचा फोन आला. व्यापाऱ्यांनी एक मिरची चावून पाहिली, दुसरी चावून पाहिली आणि विचारलं, यात मिरची कुठाय? माल येईल त्या भावानं काढावा लागला. त्याच आठवड्यात जिनेश सुरतेला गेला. भांडला असता तर शेठना बरं वाटलं असतं. तो पाया पडून गेला.

पुढच्या हंगामात तो आला, एका सुरती निर्यातदाराचा खरेदीदार होऊन. पथारीवर पुन्हा पाया पडला, चहा घेतला.

"पप्पा, ढाक्याची मागणी आहे. तिखट माल आहे का आपल्याकडं?"

त्या 'आपल्याकडं'नं शेठ क्षणभर सुखावले. मग त्यांनी पथारीभर नजर फिरवली. हट्टानं यंदाही सगळी रंगाचीच घेतली होती.

"नाही."

"मग बन्सीलालकाकांकडं बघतो."

बन्सीलाल शेजारच्याच पथारीचे. जेवायला घरी येशील ना, असं शेठनी विचारलं. उशीर होईल, डबा सोबत आहे, असं जिनेश म्हणाला आणि गेला.

दुपारी बन्सीलालच्या पथारीवर पोती भरायला लागली आणि वारा इकडं वळला. बायांनी पदर आणखी घट्ट बांधले. शेठ शिंकले. मग शिंका थांबेचनात.