दोन नावांची जागा

जळून परत आलेली स्टार्टरची पेटी टेबलावर आली की बापू झाकण काढायचे आणि नाक आत घालायचे. डोळे मिटून एक लांब श्वास. आम्ही वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर मीटर कुठं ठेवलाय ते शोधत असू, तोवर यांचं सुरू झालेलं असायचं. "जळालंय ते दिसतंय वं सायेब. का जळालं ते बगू."

तुम्ही कधी कारखान्यात काम केलं असेल तर असा एक माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी शेतीपंपाच्या मोटारींचे स्टार्टर, कंट्रोल पॅनेल असलं सगळं बनवते. बापू खाली दुरुस्ती विभागात, मी वर संशोधन विभागात. मधे लोखंडी जिना. त्यांचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. ते जिथं लिहायला हवं होतं तिथं मी लिहिलं नाही. आता इथं लिहून मोकळं व्हायचा मला हक्क नाही.

बसलेले बापू मला आठवतच नाहीत. त्यांना स्टूल दिलेलं होतं, त्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं, रजिस्टरवर सही चालता चालता. कुणी म्हणालं, बापू जरा टेका की, तर म्हणायचे, "टेकलं की डोकंबी टेकतंय." त्यांच्याशी बोलताना आपणही नकळत येरझाऱ्या घालायला लागायचो.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूला, ते मार्करनं जळण्याचं कारण लिहायचे. 'पाल.' 'मुंग्या.' 'मालकानं तार जोडली.' एका पेटीवर त्यांनी लिहिलं होतं, 'मालकाचा मेव्हणा.' तो मेव्हणा झाकण उघडून वाचणाराच निघाला आणि कंपनीत रीतसर तक्रार आली. आमच्या डायरेक्टरांनी बोलावून विचारलं, तर बापू म्हणाले, पुढं जो उघडंल त्याला कळाया नको व्हय? तक्रार तिथंच मिटली, कारण मेव्हण्यानं तार जोडली होती हे खरंच होतं.

त्या वर्षी माण तालुक्यातून पेट्या परत यायला लागल्या. बोरचं पाणी संपलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. ते टाळायला आमचा स्टार्टर मोटार बंद करायचा आणि अर्ध्या तासानं पुन्हा चालू करायचा. पण माणमधला बोर अर्ध्या तासात भरेलच असं नाही. मोटार चालू होई, लगेच बंद होई. पुन्हा चालू, पुन्हा बंद. वैतागून लोक आतून एक तार टाकायचे आणि आमचं संरक्षण बाजूला काढायचे. मग सगळंच जळायचं. मी अहवालात कारण लिहिलं, 'ग्राहकाकडून चुकीचा वापर.'

दुसऱ्या दिवशी बापू जिना चढून वर आले. ते वर कधी यायचे नाहीत. माझ्या टेबलाभोवती दोन चकरा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सायेब, बोराला घड्याळ हाय का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आपुन त्याला अर्धा तास देतो. त्याला कवा धा मिन्टं पुरत्यात, कवा दोन तास. मागल्या खेपंला किती चालला ते बगायचं. लवकर दमला तर जादा दम घिऊ द्यायचा. बराच चालला तर लवकर उटवायचा. माणसाचं आन बोराचं येकच की."

एवढंच. पुढं पेटंटच्या भाषेत मी हेच पानंच्या पानं लिहिलं. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

बापूंचं गाव माणमध्येच. घरचा बोर होता. आम्ही एक पेटी तिथं बसवली आणि दर शनिवारी ते गावी जाऊन तिच्याजवळ उभे राहायचे. वहिनी म्हणायच्या, सवत आणली ती आणली, बोलत तरी न्हाई. सोमवारी बापू पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेले आकडे आणून माझ्यापुढं टाकायचे. त्या आकड्यांवरून मी चिपमधला प्रोग्राम बदलायचो. माझंही काम त्यात होतं, ते मी नाकारत नाही. सहा महिन्यांनी त्या बोरवरची मोटार एकदाही कोरडी फिरेना, तेव्हा बापूंनी वर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग साहेबाला थाप मारली म्हणून स्वतःच ओशाळले.

आता पेटंटचा अर्ज. शोध लावणाऱ्यांची नावं लिहायचा त्यात एक तक्ता असतो. डायरेक्टर म्हणाले, नावं तुम्ही ठरवा. मी पहिलं नाव डायरेक्टरांचं लिहिलं, दुसरं माझं. माझ्यावर कुणी दबाव आणला नव्हता, कुणी सुचवलंही नव्हतं. इतकी वर्षं मी घरी सांगत आलो की वरच्या साहेबांनीच तसं करायला लावलं. ते खोटं आहे. संशोधन विभागात माझी पंधरा वर्षं झाली होती आणि माझ्या नावावर एकही पेटंट नव्हतं. दुरुस्तीतला, आयटीआय झालेला माणूस पहिल्याच खेपेत माझ्या शेजारी आला तर माझ्या पंधरा वर्षांचं काय, एवढाच विचार मी केला. पेन तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर काही क्षण थांबलं होतं, हेही मला आठवतं.

अर्ज दीडेक वर्षानं सगळ्यांना पाहायला खुला होतो. बापूंची मुलगी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिनं तो कॉम्प्युटरवर शोधून काढला आणि वडलांना फोन केला, आबा, ह्यात तुमचं नाव नाही.

बापू दुसऱ्यांदा जिना चढून आले. या वेळी चकरा नाहीत. दाराशी उभे राहिले, हात पुसायचं फडकं दोन्ही मुठीत धरून. मी खुर्चीतून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. काय सांगायचं ते मी जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच मला वाट काढून दिली.

"फॉर्मात दोनच नावांची जागा आसंल न्हवं, सायेब?"

"हो," मी म्हणालो. "दोनच."

"तरीच." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "पोरीला म्हनलं, सायेब तसं करायचं न्हाईत. जागाच नसंल."

आणि ते जिना उतरून गेले. चिडले असते, तर एवढी वर्षं मी असा फिरत राहिलो नसतो. त्या अर्जाला पान जोडता येतं. दहा नावं असली तरी बसतात. एवढंच नाही, मंजुरी मिळेपर्यंत राहून गेलेलं नाव घालता येतं, त्यासाठी वेगळा अर्ज असतो. तो मी त्याच आठवड्यात भरला. सही करून बॅगेत ठेवला.

बॅगेतच राहिला. बापू निवृत्त होऊन गावी गेले. मग पेटंट कार्यालयाकडून हरकत आली, की वेळ मोजून मोटार चालू करणारी यंत्रं बाजारात आहेतच, यात नवीन काय? मी उत्तर लिहायला बसलो आणि चार ओळींच्या पुढं सरकेना. प्रोग्राम माझा होता, पण बोर मला ठाऊक नव्हता. गाडी काढली आणि माणला गेलो.

बापूंनी विचारलंही नाही, कशाला आलात. स्क्रूड्रायव्हरनं अंगणातल्या मातीत रेघा ओढत, त्यांभोवती फिरत ते समजावत राहिले. पाणी हळू झिरपणारा बोर कसा वागतो, पावसानंतर त्याची चाल कशी बदलते, ठरलेला वेळ कुठल्याच महिन्यात का बरोबर येत नाही. मी उभ्यानंच लिहून घेतलं. वहिनींनी गरम बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ वाढली. बॅग माझ्या मांडीला टेकलेली होती, आणि त्यात तो अर्ज होता. निघताना बापू म्हणाले, "आता मंजूर झालं म्हणून समजा. आपलं पेटंट हाय."

त्यांच्या उत्तरावर पेटंट मंजूर झालं. उत्तराखाली सही माझी. कंपनीच्या दर्शनी भागात प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. तेव्हापासून मी मागच्या गेटनं आत येतो. लांब पडतं, पण तेवढं चालणं होतं, असं मी लोकांना सांगतो.

मागच्या वर्षी बापू गेले. सकाळी बोरकडं निघाले होते, वाटेत छातीत कळ आली. उभ्यानंच गेले म्हणायचे. मुलगी आता सांगलीलाच नोकरी करते, तिचा फोन आला. मी तिसऱ्या दिवशी पोचलो.  वहिनी म्हणाल्या, "तेवडी मोटार बगता का? ते गेल्यापासनं चालू व्हईना. कुणाला हात लावू द्यायचं न्हाईत, म्हणून मी कुणाला बलावलं न्हाई."

मुलगी मला बोरपर्यंत घेऊन गेली. बांधावरून चालताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, त्या अर्जाला पान जोडता येतं. मी तेव्हाच वाचलं होतं."

मी थांबलो. ती थांबली नाही.

"आबांना मी सांगितलं नाही. फॉर्मात जागा नव्हती म्हणाले, मी हो म्हणाले. त्यांना तुम्ही आवडायचा."

मी तिच्या मागं चालत राहिलो. पेटी बाभळीच्या खांबावर होती. आमची पहिलीच, प्रयोगाची. मी गुडघे टेकले, स्क्रू सोडवले आणि का कुणास ठाऊक, आधी नाक आत घातलं. जळका वास नव्हता. एक वायर तेवढी निसटली होती. ती बसवली. बारका दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे पेटी बोरला दम घेऊ देत होती. झाकण लावायला उचललं आणि ते उलटं झालं.

आतला पांढरा पत्रा अक्षरांनी भरलेला होता. मराठी महिने एकाखाली एक, प्रत्येकापुढं मिनिटं, काही खोडलेली, काही वर्षावर्षानं बदललेली. ज्यांच्यावर ते पेटंट उभं आहे ते सगळे आकडे. अगदी खाली, मार्करनं, जळण्याचं कारण लिहायच्या त्यांच्या नेहमीच्या जागी, 'हे दोघांनी केलं.' पुढं त्यांचं नाव, नुसती आद्याक्षरं. आणि त्यापुढं माझं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट, पुढं 'साहेब' लावून.

मोटार आपोआप चालू झाली. पाइपातून हवा आली, मग पाणी. मुलीनं हाक मारून आईला सांगितलं, आलं गं. मी झाकण हातात धरून तसाच होतो. त्या पत्र्यावर खरोखरच जागा उरलेली नव्हती. माझं नाव स्क्रूच्या भोकाला वळसा घालून लिहिलेलं होतं.