भाऊजींचा बोर्ड आणि गुरुजींचा ळ

चालू झालेली वस्तू पुन्हा बंद पाडण्यात माझ्या थोरल्या दिरांचा हात धरेल असा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते पिंपळीच्या घरात चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी बोर्ड बनवतात. तो कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडायचा एक जाडजूड कीबोर्ड. त्याच्या पोटात एकाच रॉम चिपची जागा आहे आणि भाऊजींना चार हव्यात. रॉममध्ये लिहिलेलं वीज गेली तरी टिकतं, असं त्यांनी मला समजावलं. आमच्याकडे वीज गेल्यावर काहीतरी टिकतं, एवढ्यावरच मी त्या चिपला मान दिला.

बसून विचार करणं त्यांना जमत नाही. अंगणात येरझाऱ्या घालतात आणि सुचलं की हाताला लागेल त्यावर आकृती काढतात. लग्नपत्रिका, विजेचं बिल, एकदा तर माझी युरियाची भरलेली गोणी. चिपला वर काचेची खिडकी असते, तिच्यातून ऊन गेलं की आतलं पुसलं जातं. ती झाकायला त्यांना माझ्या काळ्या टिकल्या लागतात. घरात पाहुणे बसलेले असताना दारातून हाक येते, "शोभा, मोठी टिकली दे. बारकी पुरत न्हाय मला."

हा सगळा खटाटोप निरवांगीच्या गुरुजींसाठी. ते त्यांचे जुने मित्र, शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी गुरुजींनी चौकटीच्या वहीत सगळी मराठी अक्षरं भरून काढली होती, प्रत्येक अक्षराला आठ घरं आडवी, आठ उभी. ती चिपमध्ये भरून त्या कॉम्प्युटरवर उमटवायची असं दोघांचं ठरलं होतं, ते नोकरी-संसारात राहून गेलं. आता गुरुजींची नजर चालली आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. आणि आमचे भाऊजी बोर्ड चालला रे चालला, की एक तार कमी करता येईल म्हणून तो उसवून ठेवतात. असे सहा बोर्ड गेले. सातवा चालला तेव्हा मी तो उचलून पोळ्यांच्या डब्यात घातला आणि गाडी बाहेर काढली.

"अगं, त्यात सुधारणा हाय अजून."

"गाडीत बसा. सुधारणा परत आल्यावर करा."

निरवांगीत कॉम्प्युटर जोडून होईतो गुरुजी टीव्हीला नाक लावून बसले. "आलास व्हय इंजिनेर? मला वाटलं, माझ्या तेराव्यालाच आणतोयस."

"तुमी कुठं एवढ्यात जाताय," म्हणत भाऊजींनी बटण दाबलं.

निळ्या पडद्यावर अक्षरं ओळीनं उभी राहिली. गुरुजींनी काचेवरून बोटं फिरवली. "पांढरं पांढरं दिसतंय नुसतं. माझा ळ कुठं हाय? त्यालाच आठ दिवस लागलं व्हतं. सूनबाई, बघ की जरा."

ळची खालची ओळच आली नव्हती. भाऊजींनाही दिसलं. त्यांचा हात पेचकसाकडे गेला. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा तो मागे आला.

"आलाय, गुरुजी. दोन्ही बाजूंनी गोल, भरलेला."

"मग झालं," गुरुजी म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

परतताना बारामतीच्या रस्त्याला लागेपर्यंत भाऊजींनी पोळ्यांचा डबा दोनदा उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "एकच ओळ चुकली. नीट करून पुन्हा दाखवू?"

त्यांचं नीट करून होईतोवर गुरुजींना पांढरंही दिसणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"परवा जाऊ," मी म्हणाले.