आसरांची ज्वारी

दर्यापूरकडच्या आमच्या गावात सगळ्या विहिरी खाऱ्या. एकीचंच पाणी गोड, म्हणून ती आसरांची, पाण्यातल्या देवींची. पायऱ्यांशी शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या सात बहिणी. लेकरू तापलं की त्यांना ज्वारीच्या घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि ज्वारी आपल्याच वावरातली हवी. विकतची आसरांना चालत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

त्यासाठी वडील दरवर्षी धुऱ्यालगत, बांधाच्या कडेने, चार तासं, म्हणजे चार ओळी ज्वारी पेरत. मी मात्र शहाणा! तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मी पार धुऱ्यापर्यंत पऱ्हाटी लावली. बायको म्हणाली होती, आसरांपुरती तरी ज्वारी राहू द्या. त्यांना नवी लुगडी नेसवू, असं म्हणून मी हसलो. एकाचं पाहून दुसऱ्याने, असं सगळ्या गावाने तेच केलं. जुनी कणगी पोळ्यापर्यंत सरली आणि आम्ही चांदूरबाजारची ज्वारी खाऊ लागलो.

दिवाळीनंतर आमची पाच वर्षांची पोर तापली. काढे झाले, अंगारे झाले. ताप हटेना. निदान गावच्या मातीतली ज्वारी मिळावी म्हणून मी दारोदार हिंडलो. प्रत्येकाच्या ओसरीवर आढ्यापर्यंत कापूस, आणि सात मुठी दाणे कुणाकडे नाहीत. शेवटी शेजाऱ्याच्या पोत्यातली बाजारचीच ज्वारी उपरण्यात बांधून आणली.

"आपल्या वावरातली हाय ना?" बायकोने विचारलं.

"धुऱ्यावर चार ताटं आपोआप उगवली होती. त्याचीच हाय," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला, आणि मला भीती वाटली. ती अनवाणी विहिरीवर गेली, सातही दगडांपुढे घुगऱ्या ठेवल्या. मी वरच्या पायरीवर उभा होतो. थांबवावं तर तिच्या हातात दुसरं द्यायला माझ्याकडे होतं काय?

तिसऱ्या दिवशी पोर गेली.

तापाला ज्वारीचं काय कळतं, असं मी मनाला सांगतो. मन ऐकत नाही. रडून थकल्यावर बायकोच माझी समजूत घालू लागली.

"जिवाले लावून घेऊ नका. आपून आसरांचं काई चुकवलं नाई."

आता मी दरवर्षी चार तासं पेरतो. पहिली कणसं खुडताना ती अजून तेच म्हणते. मी सांगायला तोंड उघडतो, आणि बैलांना पाणी दाखवायला उठतो.