भरतीचे फोटो, ओहोटीचे फोटो

इंजिनीअरिंग झाल्यावर रत्नागिरीतच एका प्रोजेक्टवर चिकटलो. काम एवढंच, सॅटेलाइटचे जुने-नवे फोटो एकावर एक ठेवायचे आणि खाडी किती आत शिरली ते बघायचं. दिवसभर बसून नकाशात निळं रंगवायचं. आई गावात सांगायची, मुलगा हवामानात आहे. लोक मला पावसाचं विचारायचे.

राजापूरच्या खाली खाडीकाठी माझ्या आत्याचं खाजण आहे, म्हणजे मातीचा बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातशेती. तो बांध फुटला होता. मुंबईतला तिचा मुलगा म्हणाला, "आता पुरे." आत्या म्हणाली, "ह्याला विचारू. हा शिकलाय. बांध घाल म्हणाला तर घालू, नाय म्हणाला तर सोडू."

मी तिचं शेत स्क्रीनवर उघडलं. जुन्या फोटोत हिरवं, नव्यात सगळं निळं.

तेवढ्यात प्रोजेक्टच्या सरांचा फोन, मी पाठवलेल्या नकाशांवरून. सर ओठ न हलवता, सगळं नाकातून बोलतात. ऑफिसात मी त्यांची नक्कल करायचो तेव्हा चहावालासुद्धा थांबायचा.

"भरती बघितलीस का?"

"हो सर. सरकारी निघालीये. अर्जपण भरला."

पलीकडून नाकातला सुस्कारा.

"समुद्राची रे, गाढवा!"

मग त्यांनी समजावलं. सॅटेलाइट ठरल्या वेळी डोक्यावरून जातो, पण तेव्हा खाडीत भरती असेल की ओहोटी, ते ठरलेलं नसतं. भरतीच्या फोटोत बरी जमीनही बुडालेली दिसते. मी खुर्चीतच नाचलो. म्हणजे आत्याचं शेत गेलं नव्हतं, फोटोच भरतीचे होते! तिला लगेच फोन लावला.

"आत्ये, जमेलसं दिसतंय गो."

"मग गड्यांना सांगू काय बांधाचं?"

"थांब जरा. मी येतोच."

तारखांवरून भरती-ओहोटीच्या वेळा लावल्या आणि फक्त ओहोटीचे फोटो वेगळे काढले. शेत निळंच. अजून शोधले, ढगाळ होते तेही सोडले नाहीत. आजूबाजूचा चिखल उघडा पडलेला आणि मधे आत्याचं शेत भरलेलं. जमीनच खचली होती, पाणी बाहेर पडतच नव्हतं. बांध घातला असता तर ते आतच कोंडलं असतं.

एसटीने गेलो. आत्या पडवीत कुळीथ पाखडत होती.

"काय रे मेल्या, भरतीचं काय झालं?"

"कुठल्या?"

"नोकरीच्या रे. शेताचं तुझ्या तोंडावर दिसतंय."

मी सरांच्या आवाजात सुरू केलं, "त्याचं असं आहे..." एरवी ती पदर तोंडाला लावून हसते. आता नुसती बघत राहिली. मग सरांचा आवाज सोडून माझ्या आवाजात फोटोंचं सांगितलं.

"ओहोटीत पण पाणी?" तिनं विचारलं.

"ओहोटीत पण."

सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. भात होतं, खाऱ्या जमिनीत येणारं. यंदा पेरलं नाही तरी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेलं बियाणं.

"गिरणीतून सडून आण."

"आत्ये, बियाणं आहे हे."

"कुठं पेरू, सांग?"

मी पिशवी उचलली. गिरणवाल्याने दाणे हातावर घेतले, माझ्याकडे बघितलं आणि पट्टा चालू केला. लालसर, आखूड तांदूळ पडायला लागला. घेऊन परत आलो तेव्हा आत्याने चुलीवर आधण ठेवलं होतं.