शेंगदाण्यांची चौकशी

चारकोपच्या सेक्टर पाचमध्ये अनुपमा राणेला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. पण ती नेमकं करते काय, हे विचाराल तर जो तो वेगळं सांगेल. कुणी म्हणेल, विमा विकते. कुणी म्हणेल, सर्व्हेचं काहीतरी आहे. शेजारच्या दादूकाकांच्या मते तिला बाजारहाटाचा नाद होता. नाहीतर शहाणी बाई डाळ आणायला बोरिवलीला आणि साबण आणायला घाटकोपरला कशाला जाईल?

खरं काय ते तिच्या नवऱ्याला आणि मुलीला तेवढं ठाऊक होतं. अनुपमा खोटं गिऱ्हाईक होती. किराण्याच्या मोठ्या दुकानांसाठी अंधेरीतली एक एजन्सी तिच्यासारख्या बायकांना गिऱ्हाईक म्हणून पाठवी. विचारायचे प्रश्न पाच. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, क्रम मोडायचा नाही. वस्तू कुठे आहे? यातली चांगली कोणती? याहून स्वस्त काही आहे का? माल ताजा आहे ना? संपला तर परत कधी येईल? समोरच्या कामगाराने हसून बोलायचं, बोट न दाखवता रॅकपर्यंत सोबत चालायचं, दुकानाचं स्वतःचं पाकीट आधी पुढे करायचं आणि कुठल्याच मालाला नाव ठेवायचं नाही. हे सगळं होतं की नाही ते बघून, छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून, एखादी बारीकशी वस्तू घेऊन अनुपमाने बाहेर पडायचं आणि तासाभरात फोनवर फॉर्म भरायचा.

दुकानात लिहायची सोय नसे. म्हणून ती डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवत उत्तरं साठवी, जपाला बसल्यासारखी. करंगळीच्या टोकाला पहिलं उत्तर, त्याखाली दुसरं, असं उतरत यायचं. ऐकलेला शब्द तसाच्या तसा फॉर्मवर यायचा. सात वर्षांत तिने त्यात पदरचं काही घातलं नव्हतं आणि सात वर्षांत तिला कुणी ओळखलंही नव्हतं. फॉर्मच्या शेवटी तोच प्रश्न असे: कामगाराने तुम्हाला ओळखले का? तिथे 'नाही'वर बोट ठेवताना तिला दर वेळी आतून थोडं बरं वाटे.

त्याआधीची अकरा वर्षं ती विलेपार्ल्याच्या एका ग्राहक भांडारात धान्याच्या काउंटरला उभी होती. भांडार बंद पडलं, ती घरी आली, आणि घर तिला टोचायला लागलं. जेवताना तीनदा उठायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. दाराची बेल वाजायच्या आधी दार उघडायची आणि बाहेर कुणी नसायचं. एकदा सुबोध, तिचा नवरा, पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, तू बस एकदाची. तुला बघून मी दमतो." ती बसली, आणि मिनिटभराने पडद्याच्या कड्या मोजायला उठली. शेवटी निधीने, मुलीने, हे काम शोधून दिलं. त्यात बसणं नव्हतं. एक दुकान झालं की दुसरं, अंधेरी झाली की चेंबूर. पायांतली वळवळ कामी आली.

श्रावणातल्या एका सोमवारी एजन्सीच्या हर्षदने तिला मुलुंडच्या भरणी मार्टला पाठवलं. वस्तू ठरलेली होती, शेंगदाणे. अनुपमा आत शिरली आणि दोन पावलांत तिच्या लक्षात आलं की दुकान नको तितकं गोड झालंय. दारावरच्या माणसाने नमस्कार केला. बिस्किटांपाशी उभी असलेली पोरगी काही न विचारता हसली. मग कारण दिसलं. जांभळ्या ड्रेसमधल्या एका बाईने तुपाच्या रॅकपाशी प्रश्नांची सरबत्ती लावली होती आणि तिच्या मागे मॅनेजर सौरभ, त्याच्या मागे दोन मुली, अशी वरात चालली होती. तूप कुठल्या गाईचं, बाटली काचेची का नाही, मागच्या महिन्यात होतं ते कुठे गेलं. प्रत्येक उत्तराला तिघं मिळून हसत होते.

ह्यांनी तिलाच तपासणीवाली ठरवलंय. अनुपमाला हसू फुटायला आलं. तिने ते दाबलं आणि डाळींच्या रांगेत वळली.

तिथे पालथ्या क्रेटवर बसून एक मुलगी पाकिटं निवडत होती. वय चोविसेक. बिल्ल्यावर नाव, संघमित्रा.

"शेंगदाणे कुठे आहेत?" अनुपमाने पहिला प्रश्न टाकला.

मुलीने हनुवटीनेच दाखवलं. "त्या टोकाला, काकी. साबुदाण्याच्या खाली."

अंगठा करंगळीच्या टोकाला टेकला. अनुपमा जाऊन भरणी मार्टचं स्वतःचं पाकीट घेऊन आली आणि दुसरं विचारलं, यातले चांगले कोणते. तशी संघमित्रा उठली, दोन्हीकडे बघितलं आणि तिच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

"हे नका नेऊ. तारीख आहे अजून, पण खवट आहेत. शनिवारपासून सात जण परत घेऊन आले. उपासाला कूट केलंत तर सगळी खिचडी फुकट जाईल. ते सुटे घ्या, डब्यातले. सकाळी मी स्वतः चावून बघितलेत."

स्वस्त विचारलं तर तिने सरळ बाहेरचा पत्ता दिला, गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाचा. वर हेही सांगितलं की तिथला म्हातारा वजनाला चोख आहे. चौथा प्रश्न आला, माल ताजा आहे ना, तेव्हा ती हसलीच. इतका वेळ काय सांगतेय मी, म्हणाली. मग जवळ सरकून तिने आवाज खाली आणला.

"आज सगळे जरा जास्तच गोड बोलतील हां तुमच्याशी. घाबरू नका. तपासणीवाली आलीय. ती बघा, जांभळी."

"तुम्हाला कसं कळतं?" अनुपमाच्या तोंडून निघून गेलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"कळतं ना. शंभर गोष्टी विचारतात आणि घेताना चिमूटभर घेतात. मी एकदा नापास झालेय, बोट दाखवलं म्हणून. परत झाले की घरी. पण ती इकडे नाय आली ना आज, तर सुटले. पंधरा तारखेला पक्की करणार बोललेत सौरभ सर."

अनुपमाचा अंगठा चौथ्या पेरावर होता तिथेच राहिला. पाचवा प्रश्न विचारायचा राहून गेला. तिने पाव किलो सुटे दाणे घेतले, बिल केलं आणि बाहेर आली.

समोरच्या फुटपाथवर चष्म्याच्या दुकानाशेजारी उभी राहून तिने फॉर्म उघडला. बसायची जागा नाही, हे चांगलं झालं; बसून हे जमलं नसतं. कामगार सोबत चालला का? नाही. दुकानाचे उत्पादन सुचवले का? उलटंच. दुसऱ्या दुकानाचे नाव घेतले का? पत्त्यासकट. त्याखाली चौकट होती: कामगाराचे नेमके शब्द लिहा. शब्द तिच्या बोटांवर स्वच्छ होते. 'सकाळी मी स्वतः चावून बघितलेत.'

ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली, परत आली. भांडारात असताना तीही असंच बोलायची. आज तूर नेऊ नका वहिनी, उद्या नवीन पोतं फुटतंय. त्यासाठी बायका तिच्याच रांगेत उभ्या राहायच्या, शेजारची रांग रिकामी असली तरी. ती पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली. सगळीकडे 'होय' भरावं, तर तो सात वर्षांतला पहिला खोटा फॉर्म, आणि तोही पानभर खोटा. जे झालं ते भरावं, तर ही मुलगी पंधरा तारखेच्या आत घरी.

तिसरी वाट एका बोटाची होती. शेवटच्या प्रश्नाला 'होय' म्हटलं की फेरीच रद्द. वरची उत्तरं पुसली जातात, कामगाराचं नाव पुढे जात नाही. मात्र ओळखल्या गेलेल्या बाईला त्या कंपनीच्या दुकानांत वर्षभर पाठवत नाहीत. अनुपमाची निम्म्याहून जास्त दुकानं भरणी मार्टची होती. तिला घरातला ओटा दिसला, दुपारी दोन वाजताचा, लख्ख पुसलेला.

तिने 'होय' दाबलं आणि फोन पर्समध्ये टाकला, गरम भांडं हातातून सोडावं तसा.

दहा मिनिटांत हर्षदचा फोन आला. त्याला खरंच वाटेना. दुसरी कुणी असती तर मानलं असतं, पण ताई, तुम्ही? कुणी ओळखलं? अनुपमा म्हणाली, नाव कुणाचं घेऊ, सगळं दुकान मागे लागलं होतं. हे ती जांभळ्या बाईचं सांगत होती, पण खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. हर्षद हळहळला, नियम म्हणजे नियम म्हणाला, आणि ठेवता ठेवता म्हणाला की हरकत नाही, उद्या अकरा वाजता शीतलला पाठवतो, तेच प्रश्न, तीच वस्तू.

शीतलला अनुपमा ओळखत होती. समोरच्याने हसताना दात दाखवले की नुसते ओठ ताणले, हेही ती लिहायची.

म्हणजे वर्ष गेलं आणि मुलीला मिळाला एक दिवस. तोही तिला माहीत नसलेला. अनुपमाचे पाय रस्ता ओलांडायला लागले तेव्हा तिने काही ठरवलेलं नव्हतं.

आत काउंटरपाशी जांभळी बाई दोन ट्रॉल्या भरून उभी होती. महिन्याचं सामान होतं, वर पापडांचं खोकं. सौरभ ते सामान बघत होता आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळत होतं. डाळींच्या रांगेच्या तोंडाशी संघमित्राही उभी राहून तेच बघत होती. अनुपमा समोर आली तशी तिची नजर तिच्या हातातल्या पाव किलोच्या पुडीवर गेली, आणि तिथून वर आली.

"तुम्हीच ना?"

अनुपमाने मान हलवली.

"पाठवलं?"

"पाठवलं. तुझं नाव नाही त्यात. मी आता इथे येणार नाही. पण उद्या अकराला दुसरी येईल, हेच विचारायला."

संघमित्रा आभार मानेल असं अनुपमाला वाटलंही नव्हतं, आणि तिने मानले नाहीत. "मी काकी काकी करत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही मोजत होतात."

"हो."

"मग उद्या तिने विचारलं, चांगले कोणते, तर? तीच पाकिटं पुढे करू? छान आहेत बोलू?"

"तुझी पंधरा तारीख..."

"तारीख मला माहितीय. मी शेंगदाण्यांचं विचारतेय."

इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारून अनुपमावर उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. "मी अकरा वर्षं धान्याच्या काउंटरला होते," ती म्हणाली. "मी नसते बोलले. पण मला कुणी नापास करत नव्हतं."

मग तिच्या डोक्यात कामाची गोष्ट आली. तपासणी पाकिटांची असते, सुट्या मालाची नाही. पाकीटच रॅकवर नसलं, की मधले तीन प्रश्न गळतात. पहिल्यानंतर थेट पाचवा येतो: परत कधी येईल? त्याचं उत्तर खरं देता येतं. तिने हे सांगितलं. संघमित्राने क्रेट सुलटा केला आणि पाकिटं खाली काढायला सुरुवात केली. अनुपमाही वाकली. खालच्या फळीवरची तिने काढली, वरची हिने.

"काय चाललंय इकडे?" सौरभ रांगेच्या टोकाला उभा होता.

संघमित्राच्या हातात चार पाकिटं होती. तिने हात मागे नेले नाहीत. "खवट आहेत, सर. शनिवारपासून सांगतेय."

सौरभने तोंड उघडलं, आणि मग त्याला संघमित्राशेजारी उकिडवी बसलेली बाई दिसली. हातात पाव किलोची पुडी, मांडीवर बिल. त्याची नजर पुडीवरून बिलावर आणि बिलावरून तिच्या चेहऱ्यावर गेली. त्याच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष बदलली.

"बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला. "लगेच काढतो सगळी. आमच्या स्टाफला आम्ही हेच शिकवतो."

अनुपमा उठली, साडीची निरी झटकली. मी कुणी मॅडम नाही, हे सांगायला तिने श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. "मुलीचं नाव संघमित्रा, ना?" तिने विचारलं. सौरभने घाईघाईने हो म्हटलं, आमची फार चांगली मुलगी आहे म्हटलं. संघमित्रा क्रेटमध्ये मान घालून पाकिटं रचत होती. हसत होती की रागावलेली होती, ते दिसत नव्हतं.

अनुपमा बाहेर पडली. अजून दुपारचे साडेबाराच वाजले होते. स्टॉपवर चारकोपकडची बस लागलेली होती, खिडकीची जागाही रिकामी होती. ती बसच्या दारापर्यंत गेली, कंडक्टरने चला चला केलं, आणि ती न चढता पुढच्या स्टॉपच्या दिशेने चालायला लागली.