अध्यक्षांची शाल

कुणाचं भलं झालं की अध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात टाकायचे आणि त्याला फोटोवाल्याकडे वळवायचे. "आपलंच लेकरू हाय!" ते कशाचे अध्यक्ष होते, हे अल्लीपुरात कुणी विचारलं नाही. बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि घरी शालींचा गठ्ठा होता. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

माझं भलं होण्याआधी मी त्यांचं लेकरू नव्हते. बाबा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. हंगाम संपून जिनिंग बंद पडलं की आमच्याकडचा चहा कोरा व्हायचा. बारावीनंतर मला तेलंगणातल्या एका सरकारी विद्यापीठात अर्ज करायचा होता. बाबा सल्ला विचारायला मला घेऊन अध्यक्षांच्या दुकानात गेले.

"काऊन पाठवता इतक्या दूर?" माझ्याकडे न बघता ते बाबांना म्हणाले. "तिथले म्हणतीन, तुमी बाहेरचे, पुरी फी भरा. इथलं सरकार म्हणन, तुमी बाहेर गेले, सवलत नाई. पोरगी मधातच लटकन."

फीचं ते खरंच होतं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खरं. पण त्या विद्यापीठात बाहेरच्या राज्यातल्या मोजक्या मुलांना गुणांवर फी माफ होती. ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

मी अर्ज केला आणि त्या यादीत माझं नाव लागलं. अट एकच. ठरलेल्या सकाळी मूळ कागद घेऊन स्वतः हजर व्हायचं. नाही गेलं तर फीमाफीची जागा पुढच्याला.

बातमी फुटली आणि मी अध्यक्षांचं लेकरू झाले. चौकात फ्लेक्स लागला. त्यात त्यांचा चेहरा ताटाएवढा, माझा वाटीएवढा. सत्कार ठेवला नेमका मी निघायच्या दुपारी. हिंगणघाटहून संध्याकाळची गाडी होती.

मंडपात मला खुर्चीवर बसवलं. पाहुणे म्हणून कुणी पुढारी यायचे होते. अध्यक्ष माइकवर बोलत राहिले. शिक्षणाचं महत्त्व, मग त्यांचं दुकान, मग पुन्हा शिक्षण. उन्हं उतरली. मी उठू लागले की ते खांदा दाबून बसवायचे. "पाहुणे निघाले हायेत बेटा, पोहोचूनच राह्यले."

शेवटी मागच्या रांगेतून आई उठली आणि सरळ स्टेजवर आली. त्या बाईने तोवर कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता.

"अध्यक्ष भाऊ, पोरीची गाडी हाय. शाल द्याची तं आत्ता द्या."

"वहिनी, पाहुण्याशिवाय शाल कशी द्याची?"

"मंग पाहुण्यालेच द्या," म्हणत तिने माझं मनगट धरलं. माइक चालूच होता. सगळा मंडप हसला.

बाहेर बाबा शेजाऱ्याची फटफटी चालू ठेवून उभे होते. मी बसले तोच अध्यक्ष धापा टाकत आले. कडक इस्त्रीचा कुडता घामाने चिकटलेला, हातात सत्काराचा नारळ. तो त्यांनी माझ्या पिशवीत कोंबला. "नीट जाजो वं माय," एवढंच म्हणाले. मागे फोटोवाला नव्हता. या माणसाचं मला आवडलेलं ते एवढंच.

पाहुणे नंतर आले म्हणे. अध्यक्षांनी शाल रिकाम्या खुर्चीवर पांघरली आणि फोटो काढून घेतला.

मी शेवटच्या वर्षाला असताना अध्यक्ष गेले. आता गावात सत्कार होत नाहीत. बाहेर शिकायला जाणारी पोरं वेळेवर स्टेशनला पोचतात.

सत्काराच्या दुसऱ्या सकाळी मी विद्यापीठात वेळेत हजर झाले होते. माझी फी माफ झाली. तीन वर्षांनी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.