मागाचं तेल

आमच्या व्हॅनचा क्लच गळायला लागला तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. राहनाळच्या घरात आम्ही तिघंच होतो: नवरा, सासूबाई आणि मी. नवरा आधी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मग त्याने ही जुनी, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली व्हॅन घेतली. भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यांतून कापडाचे ताके उचलायचे आणि ठाण्याला रंगाईच्या कारखान्यात पोचवायचे, हे त्याचं काम. शुक्रवारी लूम बंद, म्हणून त्या दिवशी गाडीही अंगणात उभी.

त्या गाडीचा क्लच तारेवर नव्हता, तेलावर चालायचा. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जायचं, त्या जोराने क्लच सुटायचा आणि मग गिअर पडायचा. तेल गळालं की पेडल नुसतंच खाली जाई आणि गिअर करकरत बसे. रोज सकाळी गाडीखालच्या मातीवर एक ओला डाग दिसायचा. नवरा डब्यातलं थोडं ब्रेक ऑइल वर ओतायचा आणि निघायचा. "शुक्रवारी बघतो," म्हणायचा. असे चार-पाच शुक्रवार गेले.

मग त्याला हिवताप आला. ताके तर पोचवायलाच हवे होते, म्हणून त्याचा एक ओळखीचा ड्रायव्हर दोन दिवस गाडी न्यायला यायचा होता. नवऱ्याने गोधडीतूनच मला सांगितलं, "वरचं तेल बघ. कमी असेल तर डब्यातलं घाल."

डबा उलटा केला तर थेंबही पडला नाही. तो तापाने फणफणला होता, त्याला पुन्हा काय उठवायचं? माझ्या शिलाई मशिनीसाठी त्यानेच एका कारखान्यातून बाटलीभर मागाचं तेल आणून ठेवलं होतं. पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं. लूमसारखी यंत्रं त्याच्यावर रात्रंदिवस चालतात, मग एका पेडलाला काय होणार आहे, असं मला वाटलं. मी सिलिंडरच्या वरची डबी काठोकाठ भरली. झाकण घट्ट लावलं. काम नीट केल्याचं समाधानसुद्धा वाटलं. ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी आणून उभी केली. त्यामुळे सांगण्यासारखं काही झालं आहे, असं माझ्या मनातच आलं नाही.

नवरा उठून कामाला लागला त्याच आठवड्यात गळती दुप्पट झाली. शिवाय पेडल दाबलं की खालीच राहायला लागलं. नाक्यावरचा मेस्त्री म्हणाला, गाडी आठ दिवस सोडा. आठ दिवस गाडी थांबली असती तर कारखानदाराने दुसरी गाडी लावली असती. म्हणून नवऱ्याने ठरवलं की घरीच करायचं.

पहिल्या शुक्रवारी त्याने गाडीखाली गोणपाट पसरलं आणि खालचं सिलिंडर काढलं. आतलं रबर बाहेर काढून मला दाखवलं. "बघ, कसं फुगलंय. जुनं झालंय." तो सायकलने भिवंडीला जाऊन नवीन रबर आणि ब्रेक ऑइलचा डबा घेऊन आला. रबर बसवलं, आणि मग नळीतली हवा काढायचं काम निघालं. त्यासाठी पेडलावर माणूस लागतो. तो माणूस मी.

मी साडीचा पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. खालून त्याचा आवाज यायचा.

"दाब."

मी दाबायची.

"धर. सोडू नको."

तो खालचा छोटा नट ढिला करायचा. तिथून निघालेल्या रबरी नळीतून तेल आणि बुडबुडे काचेच्या बाटलीत पडायचे. नट आवळला की म्हणायचा, "आता सोड." नट आवळायच्या आधी पाय उचलला की हवा उलटी आत जायची आणि सगळं पहिल्यापासून. माझा पाय दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी तेल त्याच्या डोळ्यात उडालं.

"कान कुठं हायेत तुझे? सोड म्हटल्यावर सोडायचं!"

"पाय भरून आलाय माझा," मी म्हटलं.

"माझी पाठ काय गादीवर हाय?"

दुपारी तीनपर्यंत हे चाललं. क्लच लागला. चार दिवस गाडी बरी चालली आणि पाचव्या दिवशी कशेळीजवळ, भर रहदारीत, पेडल खाली जाऊन बसलं. मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात चार माणसांनी ती गाडी ढकलत कडेला घेतली. नवरा घरी आला तो भांड्यांशीसुद्धा भांडत होता.

खालचं सिलिंडर पुन्हा उघडलं. चार दिवसांचं नवीन रबर पहिल्यासारखंच फुगलेलं. तो ते मुठीत घेऊन तडक दुकानात गेला. परत आल्यावर त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं. मी चुलीपाशी होते.

"डुप्लिकेट माल देतो आणि वर मलाच विचारतो, तेल कौनसा डाला? म्हटलं, बारा वर्षं गाडी चालवतोय, मला तेल शिकवतो? तर म्हणतो, दूसरा तेल डालोगे तो रबर चने जैसा फूलेगा. चार माणसांत बोलला. मीपण सोडला न्हाय त्याला. चोर म्हणून आलो तोंडावर."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. चण्यासारखं फुगेल. मला ती पाण्यासारखी स्वच्छ बाटली आठवली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण तो इतका पेटला होता, आणि सासूबाई "बरं केलास" म्हणत होत्या, की माझी जीभ उचलली नाही. मी मनाला समजावलं की ते तेल एव्हाना गळून गेलं असेल.

दुसऱ्या शुक्रवारी त्याने दुसऱ्या दुकानातून रबर आणलं. पुन्हा मी पेडलावर. दाब, धर, सोड. पण आता पेडल सोडलं तरी वर येईना. मी पायाच्या बोटांत अडकवून ते वर ओढायची आणि पुन्हा दाबायची. घोटा सुजला. खालून नुसते धुसफुसल्याचे आवाज. मग तो बाटली घेऊन बाहेर आला. तेलाने माखलेलं तोंड, केसांत माती. बाटली त्याने उन्हात धरली.

बाटलीत तेलाचे दोन थर झाले होते. खाली पिवळसर, वर पातळ, पाण्यासारखं.

"भेसळ!" तो ओरडला. "रबर न्हाय, तेलातच भेसळ करतो तो पहिला दुकानवाला. आता ही बाटली घेऊन त्याच्या दुकानासमोर उभा राहतो. अख्ख्या नाक्याला दाखवतो."

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या वैतागून म्हणाल्या, "ती गारी दे मेस्त्रीला एकदाची. दोन शुक्रवार झाले, घरात कुणी धड जेवला न्हाय."

तो सायकल काढायला निघाला. मी गाडीतून उतरून त्याच्यापुढे उभी राहिले.

"अहो, त्यानं भेसळ नाही केली. वरचं तेल मी घातलंय. मागाचं."

"कवा?"

"तुम्हाला ताप होता तेव्हा. डबा रिकामा होता."

तो रागावेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. त्याने बाटली पायरीवर ठेवली. "आणि मी त्याला चोर म्हटल्याचं सांगितलं तेव्हा तू घरातच होतीस ना?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली. तो विहिरीवर जाऊन राख लावून हात धूत बसला, कितीतरी वेळ. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गाडी अंगणात, तो घरात, आणि ताके दुसऱ्याच्या गाडीतून ठाण्याला जात होते.

तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना विचारून एकटीच भिवंडीला, त्या पहिल्या दुकानात गेले. दुकानदार वयस्क होता, चष्मा दोरीने बांधलेला. मी कोण ते सांगितल्यावर त्याचं तोंड आंबट झालं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. "गलती मेरी है. उनको मालूम नहीं था."

त्याने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "पहले दिन यही तो पूछ रहा था मैं." तो उठला आणि एकेक वस्तू काढून समोर ठेवत गेला: वरच्या सिलिंडरचं रबर, खालच्याचं, मधली लवचिक नळी, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. "सब बदलो. एक भी पुराना रहा तो फिर फूलेगा. और पेट्रोल से मत धोना, स्पिरिट से धोना." मी निघताना म्हणाला, "उनको बोलो, चोर नहीं हूँ." मी पिशवी उचलून बाहेर पडले.

घरी आल्यावर मी पिशवी नवऱ्यापुढे ठेवली आणि दुकानदाराचा निरोप शब्दशः सांगितला. तो पिशवीतल्या वस्तू उलटसुलट करून बघत राहिला.

वरचं सिलिंडर पेडलच्या मागे, अडचणीत होतं. त्याची पिन काढायला नवऱ्याचा पंजा आत जाईना. तीनदा सोलवटून निघाला. शेवटी मी म्हटलं, "मी बघते." त्याने माझ्याकडे न बघता पक्कड पुढे केली. मी बांगड्या काढायला लागले तशा सासूबाई आतून ओरडल्या, "हात भुंडे करू नको गो!" मग त्यांनीच बांगड्या कोपरापर्यंत चढवून वरून फडकं बांधलं. मी पायाच्या जागेत डोकं घालून, श्वास कोंडून, बोटांनी चाचपत ती पिन सरळ केली आणि ओढून काढली. नखं फुटली. पण निघाली.

मग सगळं स्पिरिटने धुतलं, नळी बदलली, दोन्हीकडची रबरं बदलली. या वेळी "धर" म्हटल्यावर मी अशी धरायची की मांडी थरथरायची, पण पाय हलवला नाही. बुडबुडे संपायला दुपार गेली. एका क्षणी पायाखाली पेडल घट्ट लागलं आणि सोडल्याबरोबर आपोआप वर आलं. मी ते पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा वर आलं. नवरा गाडी घेऊन दापोड्यापर्यंत जाऊन आला. खाली उतरून म्हणाला, "हां. चालते." दोन शुक्रवार, मधले सगळे दिवस आणि माझी नखं, यावर तो इतकंच बोलला. मला रडूच आलं, रागाचं.

गाडी पुढे तीन वर्षं चालली, क्लच पुन्हा गळला नाही. कारखानदाराने आमचे निम्मे ताके मात्र त्या दुसऱ्या गाडीकडेच ठेवले.

नवरा त्या दुकानात परत कधी गेला नाही. काही लागलं तर मला पाठवायचा किंवा थेट ठाण्याहून आणायचा. मी दोन-तीनदा म्हटलं, "एकदा जाऊन दोन शब्द बोला." तर म्हणायचा, "तू बोललीस ना, झालं." नाही झालं. चोर त्याने म्हटलं होतं, चार माणसांत. आणि ते त्याने घरी सांगितलं तेव्हा मी भाकरी भाजत गप्प होते. दुकानदार मला प्रत्येक वेळी वस्तू नीट बांधून द्यायचा, पण बसा असं कधी म्हणाला नाही.